दंडाला बांधलेली दोरी

माझ्या सासऱ्यांना, आबांना, बंदरावर सगळे ‘घार’ म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. आमच्या लाँचच्या टपावर एक खुर्ची ठोकून बसवलेली होती. तिच्यावर बसून ते देवमासा हुडकत. खाली सुकाणूवर माझा नवरा आणि डेकवर माइक घेऊन मी. पर्यटकांना उलटीच्या पिशव्या वाटायच्या, डॉल्फिन हसत नसतो, त्याचं तोंडच तसं असतं हे समजावायचं आणि काहीच दिसत नसलं की समुद्राची स्तुती करत राहायचं, ही माझी कामं. आबा नुसते बघत बसायचे. ‘म्हातारा उंटावरून शेळ्या हाकतो,’ असं शेजारचे लाँचवाले म्हणत. पण त्यांच्या गिऱ्हाइकांना शेपटी दिसायची आणि आमच्या गिऱ्हाइकांना अख्खा देवमासा.

आमच्या लाँचवर ओरडायला बंदी होती. ‘तो बघा’ म्हटलं की सगळी माणसं एका बाजूला धावतात आणि लाँच कलते. एकदा असंच झालं आणि एक बाई कठड्यावर आपटल्या. त्यानंतर आबांनी दोरी आणली. तिचं एक टोक त्यांच्या मुठीत असे आणि दुसरं टपाच्या भोकातून खाली येऊन नवऱ्याच्या दंडाला बांधलेलं. एक हिसका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे. लांब ओढ म्हणजे इंजिन बंद, थांब. पर्यटकांना पत्ता लागायच्या आत लाँच वळलेली असे.

बापलेकांचं एरवी फारसं बोलणं नव्हतं. भांडण असं नाही, पण दोघेही तोंडात मिठाची गुळणी धरून बसणारे. जेवताना आबा मला म्हणत, “त्याला म्हणावं, भाजी सरकव इकडं.” मी म्हणायची, “तो इथंच बसलाय आबा, बहिरा नाही झाला अजून.” दोरीवर मात्र दोघांचं छान जमायचं. हिसक्यावरून नवऱ्याला कळायचं, आज म्हातारा खुशीत आहे की गुडघा ठणकतोय. त्याच्या दंडावर दोरीचा फिकट पट्टा उमटला होता. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, लहानपणी भाजलं असेल. विचारलं तर म्हणाला, “आबांचं बोलणं आहे ते.” त्याच्या तोंडून एवढं लांबलचक वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग आबा कपाच्या बाहेर चहा ओतायला लागले. आधी मी दुर्लक्ष केलं. पुढे दाराच्या चौकटीला खांदा आपटायला लागला, शेजारी ठेवलेली चप्पल सापडेना आणि दोष सगळा माझा. “कुठं नेऊन ठेवतेस गं वस्तू?” मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि काचबिंदू आहे म्हणून सांगितलं. नजर कडांकडून जाते, गेलेली परत येत नाही, उरलेली राखायची म्हणून रोज थेंब घालायचे. आता त्यांना पाइपातून बघावं तेवढंच समोरचं दिसत होतं.

“पाइपातून तर पाइपातून,” आबा बाहेर आल्यावर म्हणाले. “समुद्र कुठं पळून जातोय? तू त्याला काही सांगू नकोस.”

मी त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलं. नवरा-बायकोत एवढी मोठी गोष्ट दडवून ठेवणं मला जमणारं नव्हतं. तो इंजिनाला तेल घालत होता. हात न थांबवता म्हणाला, “टपावरून खाली उतरवलं तर ते सरळ अंथरूण धरतील.” मला त्याचा राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

त्यानंतरचा हंगाम आम्ही दोघांनी चोरून काढला. नवरा सुकाणूवरून स्वतः बघायचा आणि त्याला काही दिसलं की प्रवाहानं लाँच सरकावी तशी ती हळूहळू फिरवायचा, देवमासा अगदी नाकासमोर येईपर्यंत. आबांच्या पाइपात तो आला की वरून दोरी हलायची. मग आम्ही ‘हो का, तिकडं का?’ अशा थाटात पुढे जायचो. आबा त्या हंगामात फार खूश होते. संध्याकाळी पाय चोळत म्हणायचे, “यंदा देवमासे शहाणे झालेत. बाजूला भटकत नाहीत, समोरच येतात.” मी मान खाली घालून भाकरी वाढायची. फसवणूक माणसाला इतकं सुख देऊ शकते, याचं मला वाईट वाटायचं. तरी ती थांबवावी असं काही वाटलं नाही.

हंगामाच्या अखेरीला तो दिवस आला. आभाळ राखेच्या रंगाचं होतं, पाणीही तसंच. सकाळपासून एक कासव सोडून काही दिसलं नव्हतं. समुद्राची स्तुती करून करून माझा घसा बसला होता. पर्यटक कंटाळून एकमेकांचेच फोटो काढत होते. मी पाणी प्यायला केबिनच्या दाराशी गेले, तेवढ्यात दोरीला हिसका बसला. एकच, पण जोरात. डावीकडे.

नेमक्या त्याच वेळी उजवीकडे फवारा उडाला. नवऱ्यानं पाहिला, मीही पाहिला. मोठा फवारा आणि त्याला चिकटून एक छोटा. आई आणि पिल्लू. ती दोघं काही कुणासाठी थांबत नसतात. नवऱ्यानं काही विचार केला नाही. त्यानं सुकाणू उजवीकडे घातलं.

दोरी आल्यापासून लाँच तिच्या उलट कधी गेली नव्हती.

ती दोघं अगदी जवळ आली. आईची पाठ निवांत वर यायची आणि मागोमाग पिल्लाची, घाईघाईनं. तिचा श्वास वाऱ्याबरोबर आमच्या अंगावर आला. देवमाशाच्या श्वासाला सडक्या मासळीचा घाण वास असतो, तो कपड्यांतून लवकर जात नाही. पण त्या क्षणी कुणी नाकाला रुमाल लावला नाही. एक म्हातारे गृहस्थ रडत होते. मलाही भरून आलं. सवयीनं मी माइकवर बोलून गेले, “आणि हे शोधून दिलं आमच्या टपावरच्या आबांनी. त्यांच्यासाठी टाळ्या.”

सगळे वर बघून टाळ्या वाजवायला लागले. मीही वर बघितलं. आबा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांचं तोंड डावीकडे होतं, रिकाम्या पाण्याकडे. टाळ्या कशासाठी पडतायत हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला. मग त्यांनी मान वळवली, पण तोवर आई पिल्लाला घेऊन खाली गेली होती.

दोरी लांब ओढली गेली. थांब. नवऱ्यानं इंजिन बंद केलं.

आबा शिडीवरून एकेक पायरी चाचपत उतरले. एवढे दिवस आमच्यासमोर कधी चाचपले नव्हते, त्या दिवशी लपवलं नाही. केबिनमध्ये आले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला मध्ये न घालता मुलाशी बोलले.

“डावीकडं काय होतं?”

मी खोटं बोलायला तोंड उघडलं होतं. नवरा म्हणाला, “ड्रम होता. प्लॅस्टिकचा. जाळ्याचा सुटलेला.”

“कुठल्या रंगाचा?”

“निळा.”

“मला काळा दिसला. पाठीसारखा. हलत पण होता.” मग विचारलं, “यंदाचे सगळेच तूच आणलेस?”

नवऱ्यानं मान हलवली. आबांना ते दिसलं नसावं, म्हणून मी “हो आबा” म्हटलं. त्यांनी त्याच्या दंडाची गाठ नखानं सोडवली. ती दोरी गुंडाळून त्यांनी माझ्या हातात दिली आणि परतीच्या वाटेवर ते पर्यटकांमध्ये बाकावर बसून आले. उलटीची पिशवी हवी का, असं शेजारच्या मुलीनं त्यांना विचारलं.

ते पुन्हा लाँचवर आले नाहीत. अंथरूण काही धरलं नाही, पण मागच्या खोलीत जिथून समुद्र ऐकू येत नाही तिथं खाट टाकून घेतली. थेंब घालायचं सोडून दिलं. मी रागावले की म्हणायचे, “राखायचं कशासाठी, ते सांग आधी.” मी थेंबांची बाटली आपटून बाहेर यायची. हिवाळा संपेपर्यंत तो पाइपही बुजला.

रोज संध्याकाळी मात्र आम्ही आलो की एवढंच विचारायचे, “दिसला?”

आणि नवरा रोज सांगायचा, “नाही. तुमच्याशिवाय नाही दिसत.” मला ते पटत नव्हतं. जमेल तेवढे देवमासे दाखवून आम्ही पोट भरत होतो आणि घरी येऊन समुद्र रिकामा करत होतो. पण त्याला बापाला दुसरं काही द्यायला सापडत नव्हतं.

परवा पुन्हा एक आई अगदी लाँचला खेटून गेली. आम्ही दोघं भिजलो. घरी आल्यावर मी स्वयंपाकाला लागले आणि नवरा मागच्या खोलीत गेला.

“दिसला?”

“नाही आबा.”

आबांनी हात पुढे केला. हवेत शोधत शोधत तो नवऱ्याच्या बाहीला लागला. त्यांनी बाही नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरली.

“पिल्लू होतं का?” त्यांनी विचारलं.

मी दारातून म्हणाले, “होतं.”

आबांनी बाही आणखी आपल्याकडे ओढली. हिसका नाही, लांब ओढ. नवरा तिथंच थांबला, मी वाढलेलं ताट निवून गेलं तरी हलला नाही.