आत्याने धुतलेली पट्टी

आमच्या आत्याचं अख्खं आयुष्य कोळंबीची टरफलं धुण्यात गेलं. कारखान्यात ती टरफलं आधी आम्लात भिजवतात, मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळतात. चुना जातो, चिकटलेलं मांस जातं आणि शेवटी उरते कायटोसॅनची पांढरी भुकटी. तिच्यापुढे बरेच जंतू टिकत नाहीत, म्हणून तिच्यापासून जखमेवर बांधायच्या पट्ट्या करतात. आत्याचं काम धुण्याचं. पाणी नितळ येईपर्यंत धुवायचं आणि वर आणखी एकदा धुवायचं. घरीसुद्धा ती धुतलेला पेला पुन्हा धुऊनच पाणी पिते. कोण सांगणार तिला!

तिचा धाकटा भाऊ म्हणजे माझे बाबा, शिंपी. नाक असं तिखट की बहीण कामावरून आली की दारातच बादली आणि साबण. "ताई, आधी हातपाय धू, मग आत ये." आत्या हसायची. मला मात्र असा राग यायचा, वाटायचं ती बादली बाबांच्याच डोक्यावर पालथी घालावी.

मग मधुमेहाने घात केला. बाबांच्या टाचेची जखम चिघळली. "ही भरली नाही तर पाऊल काढावं लागेल," डॉक्टर म्हणाले. बाबांचं मशीन पायाचं. "मग मी काय बसून बटणं लावू?" बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी कायटोसॅनची पट्टी दिली. ती बांधायला नर्स घरी आली आणि हात धुवायला मोरीत गेली. तेवढ्यात आत्याने पाकीट फोडलं, पट्टी पातेल्यात खळखळून धुतली, पुन्हा धुतली. नर्स येऊन बघते तर पट्टीचा गिळगिळीत गोळा!

"अहो मावशी, काय केलंत हे! जखमेतलं पाणी शोषून ओली व्हायची ती तुम्ही पातेल्यातच केलीत!"

आत्याचा चेहरा एवढासा झाला. "थोडं जरी मांस राहिलं असेल तर? लहानपणी याने एक कोळंबी खाल्ली, तर गळा सुजून मरायला टेकला होता."

नर्सचा आवाजच बदलला. "हे डॉक्टरांना सांगितलंय?"

बाबा भिंतीकडे बघायला लागले. जन्मभर सगळ्यांना सांगत आले, वास सोसत नाही म्हणून खात नाही. एवढ्याशा कोळंबीला घाबरतो म्हणायची लाज!

"धन्य आहे बाबा तुमची!" मी म्हटलं. "जीव गेला तरी चालेल, पण मिजास जाता कामा नये."

दवाखान्यात डॉक्टरांनी नव्या पट्टीचा तुकडा आधी बाबांच्या दंडावर लावला आणि थांबायला सांगितलं. आत्याने त्या दंडावरची नजर हलवली नाही. सूज आली नाही, खाज नाही. "धुलाई चोख झालीय," डॉक्टर म्हणाले आणि पट्टी टाचेवर बांधली.

बाबांनी उरलेला तुकडा नाकाशी नेला. "ताई, वास नाही गं."

"येईल कसा? तिथेही माझ्यासारखी कुणीतरी धूत असेल ना."

जखमेने सगळ्यांचा अंत बघितला, पण भरली. पाऊल वाचलं.

बाबा पुन्हा मशीनवर बसले त्या संध्याकाळी आत्या कामावरून आली आणि सवयीने बादलीशी वाकली. बाबा उठले, लंगडत दाराशी गेले आणि त्याच पायाने बादली बाजूला सारली.

"आत ये, ताई."

"अरे, हात तरी—"

"ये म्हटलं ना!"

आत्या तशीच आत आली आणि मशीनशेजारी बसून रडली. वासाचं म्हणाल, तर बाबांनी श्वास रोखून धरला होता. पण बादली पुन्हा दारात आली नाही.