खोबरेल तेलातले गुलाब

गोंदिया स्टेशनवर गाडी लागली तेव्हा मायने पदराच्या गाठीतून अत्तराचा फाया काढला आणि माझ्या कानात खोचला. बाजारातलं स्वस्त गुलाब-अत्तर, नुसतं गोड. साल २००३. मी नर्स म्हणून मस्कतला निघाले होते. "काऊन तोंड पाडून राहिली? कामालेच जाऊन राहिली ना तू?" एवढंच ती बोलली. भंडारा येईपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं, म्हणून फाया खिडकीबाहेर टाकला.

मस्कतला वॉर्डात दिवसभर स्पिरिट आणि फिनेल. एका सुटीला बाजारात अत्तरवाल्याने मनगटावर काचेची काडी टेकवली. सौदीतल्या ताइफच्या गुलाबाचं तेल. आधी मिरीसारखं झणझणीत, मग हळूहळू मधाकडे वळणारं. गुलाब असाही असतो, हे गोंदियाजवळच्या आमच्या कुडवा गावात कुणी सांगितलं नव्हतं. मग मी वेडीच झाले. बल्गेरियाचं तेल थंडीत गोठतं, मुठीत धरलं की सुटतं. कनौजचं चंदनाच्या तेलावर उतरवलेलं, जड. डोळे मिटून मी ओळखायची, कोणतं कुठलं ते. केरळची रूममेट म्हणायची, "सिस्टर, तेरे को घरवाला नहीं, माली चाहिए."

दर सुटीत मायसाठी एक कुपी न्यायची, वर सूचना द्यायची: अंधारात ठेव, एकात दुसरं मिसळू नको. ती "हव, हव" म्हणायची.

२०१३ मध्ये ती गेली. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. आता पुन्हा गोंदियाला यायचं नाही, हे मी विमानातच ठरवून टाकलं होतं. भाऊ-वहिनी चांगले आहेत, पण त्यांचा संसार त्यांचा.

दुपारी गल्लीतल्या बाया आल्या, एकेक गळ्यात पडून रडत गेली. पहिलीच्या केसांना गुलाबाचा वास. दुसरीच्याही. तिसरीच्याही. वहिनीने मग खोबरेल तेलाची बाटली आणून दाखवली. माझ्या सगळ्या कुप्या मायने तिच्यात ओतल्या होत्या, आणि जी बाई दारात येऊन बसेल तिच्या डोक्याला ते तेल लावायची. वहिनी म्हणाली, "मी म्हटलं, आत्याबाई, ताई मिसळू नको म्हणते. तं म्हणाल्या, अंधारात ठेवून कोणाच्या कामाचं?"

मला राग यायला हवा होता. ताइफ, बल्गेरिया, कनौज, सगळं खोबरेलात. हुंगत राहिले, एकही वेगळं काढता येईना. बाया रडत होत्या आणि मी कोरडी.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं आम्ही मजेत आहोत. जे माझ्यासारखे निघून आले त्यांना ठाऊक आहे, बधिरपणाचीही सवय होते. चार वर्षं मी गेले नाही. कुप्या कपाटात रांगेने होत्या. कधी हुंगल्या तर सगळं ओळखू यायचं, वाटायचं काहीच नाही.

मग वहिनीचा फोन आला. "ताई, ते तेल कवाचंच संपलं. बाया मलेच विचारून राहिल्या, आपली पोरगी कवा येते म्हणून. काय सांगू?"

"बघते," म्हटलं आणि फोन ठेवला. माय गेली तसं घर संपलं, असं मी धरून चालले होते. आणि तिकडे बाया डोकी घेऊन वाट पाहत बसल्या होत्या. खाली दुकानात जाऊन खोबरेलाची मोठी बाटली आणली. पहिली कुपी ताइफची होती. हात थबकला, तरी ओतली. तिसरी ओतेपर्यंत नाक इतकं वाहायला लागलं की कसला वास येतोय ते कळेना. रडत होते मी.