बाराव्या किलोमीटरवरची पूजा

माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या शाळेत पहिलीच्या पोरांनाही ठाऊक आहे. घरच्यांचं तर विचारूच नका. मी पळायला सुरुवात केली तेव्हा नवरा म्हणाला, "बरं झालं, थोडा राग रस्त्यावर सांडून येशील." राग काही सांडला नाही, पण पळण्यामुळे मैत्रीण मिळाली.

अहमदपूरच्या बाजारात तिचं भांड्यांचं दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी कुकरची शिट्टी घ्यायला मी तिथे गेले होते. शिट्टी द्यायची सोडून ती माझ्या पायांतल्या बुटांकडेच बघत होती. "बाई, तुम्ही सकाळी पळता म्हणे. मला संगं न्याल का?" पन्नाशीला टेकलेली बाई, अंगावर काठापदराची साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मला वाटलं, थट्टा करते आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ती चौकात उभी होती. खाली सलवार, वर मुलाचा जुना टी-शर्ट, पायांत कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी आम्ही अर्धा किलोमीटर पळालो आणि पाऊण तास बोललो.

तेव्हापासून ती मला मास्तरीण म्हणते, मी तिला शेटाणी म्हणते. एकदा धापा टाकत ती मला म्हणाली होती, "दिवसातला हा एकच तास माझा हाय. बाकीचे समदे कोणाचे ना कोणाचे." घरात सहा माणसं, दुकानात गिऱ्हाईक, रात्री सासऱ्यांच्या गोळ्या. मी नोकरी करणारी, माझा पगार, माझी स्कूटी. एका तासाची किंमत मला तिच्यामुळे कळली.

ती लिंगायत. गळ्यातल्या दोऱ्यात चांदीची छोटी डबी, डबीत इष्टलिंग. रोज आंघोळ करून लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं, आणि मगच तोंडात पाण्याचा थेंब. सकाळी पळायला यायच्या आधी साडेचारलाच तिची पूजा उरकलेली असायची. आम्ही बौद्ध. आमच्या घरी देवघर नाही आणि माझा देवावर विश्वासही नाही. त्यावरून आमची चेष्टा चालायची. "तुझ्या देवाला एक दिवस सुट्टी दे की," मी म्हणायची. "तू शाळेला देतीस का?" ती म्हणायची. मी देत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मागच्या वर्षी आम्ही लातूरला अर्ध मॅरेथॉन पळालो. म्हणजे मी पळाले. एकवीस किलोमीटर सोबत पळायचं ठरलं होतं, पण चौदाव्या किलोमीटरला ती मंदावली. माझ्या घड्याळात वेळ चांगली दिसत होती. "तू ये हळूहळू," म्हणून मी पुढे निघून गेले. माझं पदक गळ्यात पडलं आणि वीस मिनिटांनी आयोजकांच्या गाडीतून तिला उतरवलं. चक्कर येऊन पडली होती. तिला सलाईन लावलं होतं तेव्हा मी पलंगाजवळ पदक मुठीत लपवून उभी होते. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिला न्यायला मुलगा अहमदपूरहून गाडी घेऊन आला. पोरगा वाईट नाही, पण आईला तसं पाहून घाबरला होता. घरी बैठक बसली आणि निकाल लागला. आणखी एकदा पळून बघायचं. नीट पूर्ण झालं, पदक मिळालं, तर सकाळचं पळणं चालू ठेवायचं. नाही झालं तर बास, पळणं बंद. हे सांगताना ती हसली होती. "परीक्षाच हाय बघ मास्तरीण. नापास झाले की शाळा बंद."

म्हणून यंदा नांदेडची शर्यत. तीन तासांच्या आत पोचणाऱ्यालाच पदक. आम्ही सरावात दोन तास चाळीस मिनिटांत एकवीस करत होतो, त्यामुळे काळजी नव्हती. मी तिला शब्द दिला होता, यंदा सोडून जाणार नाही. आता खरं सांगायला काय हरकत आहे, अडीच तासांच्या आत येण्याची माझी हाव तेव्हाही सुटलेली नव्हती.

सकाळी सहाला सुरुवात होती. अहमदपूरहून नांदेड गाडीने दीड तास. साडेतीनला निघायचं ठरलेलं असताना मी तीनलाच नवऱ्याची कार घेऊन तिच्या दारात हॉर्न वाजवला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी. ती ओले केस पुसत बाहेर आली. "आंघोळ झाली, पूजा राहिलीय. पंधरा मिनिटं दे." मी म्हणाले, "तिथं जाऊन कर. तासभर आधी पोचतोय आपण. आत्ता चल." ती दाराशी घुटमळली. मी दुसऱ्यांदा हॉर्न वाजवला. ती गाडीत बसली.

नांदेडात शिरलो तर मैदानाकडचा रस्ता बंद. गाडी लांब लावावी लागली. छातीवर लावायच्या नंबराला रांग. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणून संडासाला त्याहून मोठी रांग. सहाला दहा मिनिटं असताना आम्ही पळत पळत सुरुवातीच्या कमानीखाली पोचलो.  पूजेचं मी काही विचारलं नाही, कारण मी विसरले होते. तिच्यासाठी जी दिवसाची पहिली गोष्ट होती, ती मी साफ विसरले होते.

हवा गार होती. गोदावरीचा पूल ओलांडताना पाण्यावर धुकं होतं. पहिले सहा किलोमीटर आम्ही मजेत पळालो. तिच्या दुकानातल्या एका गिऱ्हाइकाची गोष्ट ती सांगत होती. त्याने लग्नाला घेतलेली पातेली वापरून, घासून परत आणली होती. मी हसत होते. आठव्या किलोमीटरनंतर ती बोलायची थांबली. मला वाटलं, दम राखते आहे. दहाव्याला घड्याळ पाहिलं, सव्वा तास. ठीक होतं, पण तिची पावलं जड पडायला लागली होती.

एका कोपऱ्यावर पगडीवाले वयस्क काका सेवेला उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला ते पाण्याचा पेला हातात देत होते. माझ्यानंतर त्यांनी तिच्यापुढे पेला धरला. तिने हात जोडले आणि मान हलवली. "ले बेटी, पानी तो पी ले," काका मागून चार पावलं आले. तिने पुन्हा हात जोडले. तेव्हा मी तिच्या ओठांकडे पाहिलं. कोरडे पडून पांढरे झाले होते.

"तू पाणी का नाही घेतलंस?"

"चल तू."

"सकाळपासून घेतलंस का?"

"पूजा कुठं झालीय मास्तरीण."

मी मधोमध थांबले. मागचे दोघं-तिघं आदळता आदळता वाचले. माझा राग असा उसळला की बस्स. आधी तिच्या देवावर, मग तिच्यावर. "तहानेनं मेलीस तरी चालेल तुझ्या देवाला? लातूरला काय झालं विसरलीस? घे म्हणते ना पाणी!" भर रस्त्यात मी चौथीच्या वर्गावर ओरडावं तशी ओरडत होते. ती चालतच राहिली. जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "दीक्षा झाली तवापासून न्हाई मोडलं. बाळंतपणात न्हाई मोडलं. आज मोडून पदक घेतलं तर ते गळ्यात घालवणार न्हाई मला." आवाजात राग नव्हता. "तुझ्यावर न्हाई बोलून राहिले. मीच बसले ना गाडीत."

माझा राग तिथेच विझला. हॉर्न मी वाजवला होता.

बाराव्या किलोमीटरच्या फलकापाशी एका घरापुढे एक बाई अंगणात सडा टाकत होती. घड्याळात एक तास चौतीस मिनिटं. मी शेटाणीचा हात धरून तिला रस्त्याच्या कडेला ओढलं. "इथं कर पूजा." ती घड्याळाकडे बघायला लागली. "येळ जाईल." मी म्हणाले, "जाऊ दे." सडा टाकणाऱ्या बाईला मी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. तिने आत जाऊन पाट आणि घासलेला तांब्या आणला, आणि कुंपणाजवळच्या झाडाची पांढरी तगरीची फुलं तोडून दिली.

शेटाणीने हातपाय धुतले, पूर्वेला तोंड करून पाटावर बसली. कमरेला खोचलेली विभूतीची पुडी काढली. डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. उजव्या हाताने तांब्या उचलायला गेली तर हात असा थरथरत होता की निम्मं पाणी मांडीवर सांडलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"तू घाल की पाणी."

"मी?"

"मग काय पगडीवाल्या काकांना बोलावू?"

माझी आई दुसऱ्यांच्या रानात रोजाने जायची. तिने पाणी मागितलं की वरून ओतायचे, तिच्या ओंजळीत, भांडं तिच्या हाताला लागू न देता. हे आईने मला एकदाच सांगितलं, तेही भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता. मी देव मानत नाही. पण त्या अंगणात गुडघ्यांवर बसून मी तांब्या कलता केला आणि तिच्या तळहातावर बारीक धार धरली, तेव्हा मला आई आठवली आणि माझे डोळे भरून आले. ते मी तिच्यापासून लपवलं नाही. तिने विभूती लावली, फूल वाहिलं आणि लिंगाकडे बघत बसली. रस्त्यावरून माणसं पळत जात होती. एकजण ओरडला, "मावशी, चला चला, झोपला काय!" एरवी मी त्याला सोडला नसता.

अकरा मिनिटं लागली. मग ती जे पाणी प्यायली! त्या बाईने गुळाचा खडा दिला, तो तोंडात टाकून ती उठली.

हिशेब मी मनात केला होता. नऊ किलोमीटर, हातात सव्वा तास. ताज्या पायांनी सहज झालं असतं. पण बसून तिचे पाय आखडले होते, आणि बारा किलोमीटर कोरडं पळालेलं शरीर तांब्याभर पाण्याने लगेच सावरत नाही. आम्ही पळालो, चाललो, पुन्हा पळालो. पंधराव्याला तिला उलटी झाली. तोंड पुसून म्हणाली, "हलकं वाटून राहिलं." सतराव्याला आयोजकांची गाडी मागून आली आणि आमच्या वेगाने शेजारी चालू लागली. आतला माणूस म्हणाला, "ताई, बसा, त्रास होईल." तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. मीच खिडकीतून त्याला काय ते ऐकवलं. गाडी पुढे गेली.

मैदान दिसायला लागलं तेव्हा लाऊडस्पीकरवरून आवाज आला, तीन तास पूर्ण झाले, सर्व खेळाडूंचे आभार. अजून सातशे-आठशे मीटर राहिले होते. माझे पाय आपोआप थांबले. ती दहा पावलं पुढे जाऊन मागे वळली. "पळ की. काऊन थांबलीस?"

आम्ही कमानीखालून गेलो तेव्हा माझ्या घड्याळात तीन तास सहा मिनिटं होती. जमिनीवरची वेळ मोजणारी पट्टी गुंडाळून झाली होती. टेबलावरच्या मुलीने वाईट वाटल्यासारखं तोंड केलं, पण पदक नाही म्हणाली. मी भांडायला बाह्या सरसावल्या. शेटाणीने मला मागे ओढलं. "तिचा काय दोष हाय? उशीर तर झालाच ना."

आम्ही मैदानाच्या कडेला बसलो आणि तिचा फोन वाजला. मुलगा होता. मी हळूच म्हणाले, "सांग, मिळालं म्हणून. पदक मी देते, माझ्याकडे लातूरचं आहे." खरंच बोलले मी असं. सव्वीस वर्षं पोरांना खोटं बोलू नका म्हणून शिकवलेली बाई. माझ्यामुळे तिचा तास जाणार होता, आणि तो वाचवण्यासाठी मी काहीही केलं असतं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि फोन कानाला लावला.

"हाव, पोचले. न्हाई, पदक न्हाई भेटलं. सहा मिनिटं उशीर झाला." पलीकडून तो काहीतरी समजावत होता. लांबलचक. ती मान हलवत ऐकत होती. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "समदं ऐकलं बाबा. उद्या पाचला मी पळायला जाणार हाय. आज रातीच्या आजोबांच्या गोळ्या तू दे, मला लवकर झोपायचं हाय. न्हाई न्हाई, मी इचारून न्हाई राहिले. सांगून राहिले."

तिने फोन बंद करून मांडीवर ठेवला. मग तिला रडू फुटलं आणि ती मला म्हणाली, "मास्तरीण, हात धर गं, लई भ्या वाटून राहिलं." मी तिचे दोन्ही हात धरले.