खड्ड्याबाहेरचा पाय

“मुकादमसाब, एक पाँव बाहर रहने दो.” आमच्या कारखान्यात आला त्या दिवशी चाचा मला एवढंच म्हणाला आणि उजव्या पायातली चप्पल न काढता मागावर बसला.

तेव्हा सोलापुरातले हातमाग खड्ड्यातले. विणकर जमिनीवर बसून पाय खड्ड्यात सोडायचा आणि दोन पावड्या आळीपाळीने दाबायचा. चाचा डाव्या एकाच पायाने दोन्ही दाबायचा. उजवा बाहेर, दाराकडे वळलेला.

“चाचा, गाडी कितीची हाय?” शेजारच्या मागावरचा राजय्या विचारायचा.

“आती ही होगी, बेटा.” आणि स्वतःच हसायचा.

साधा डबा पडला तरी चाचा दारात उभा. मग ओशाळून म्हणायचा, “पानी पीने उठा था.” मडकं असायचं पार दुसऱ्या कोपऱ्यात. एके दिवशी मडकं दाराशी आलेलं दिसलं. कुणी आणलं, मी विचारलं नाही. राजय्या मान खाली घालून विणत होता.

काम हळू होतं म्हणून मी एकदा त्याला झापलं, तेव्हा तुटलेला धागा जोडता जोडता त्याने सांगितलं. उत्तरेकडच्या त्याच्या गावात दंगा झाला. मागावर बसल्या बसल्या ओरडा ऐकून त्याला वाटलं, कुणाची वरात असेल. कडी बाहेरून लागली, छप्पर पेटलं. “दोनों पाँव अंदर थे, मुकादमसाब. उतनी ही देर हुई.” पोरगी पलीकडच्या खोलीत होती.

म्हणजे मला सगळं ठाऊक होतं. तुम्ही वाचताय तर हे आधी लक्षात ठेवा.

लग्नसराईची लुगडी द्यायची होती. त्या दुपारी गल्लीतून मिरवणूक जायची होती, आणि माणसं बघायला गेली की दोन तास परतत नसत. मी बाहेरून कडी घातली. हलगी वाजू लागली.

“मुकादम, दार उघडा की वो!” आतून हसत हसत शिव्या आल्या. मग हसणं थांबलं.

उघडलं तेव्हा चाचा खिडकीच्या गजांना लोंबकळत होता, हात रक्ताळलेले. राजय्याने त्याला कमरेला धरलं होतं.

“बिटिया निकली?”

“निकली, चाचा, निकली,” राजय्या म्हणत होता.

चाचा खाली उतरला, माझ्या शेजारून निघून गेला. त्याने मला ओळखलं नाही.

संध्याकाळी मालकाला मी सांगितलं, “कामचुकार होता, पळाला.” तेच खरं ठरलं. राजय्या माझ्याशी पुन्हा कधीच बोलला नाही. आज सांगतो : चाचा पळाला नव्हता. कडी मी घातली होती.

मालकाकडे जाण्याआधी मी स्टेशनवर जाऊन आलो होतो. खड्ड्याच्या काठाशी राहिलेली त्याची डावी चप्पल माझ्या हातात होती. ती बघून एक हमाल म्हणाला, “ह्याच्या जोडीची घालून एक म्हातारा गेला की आत्ताच्या गाडीनं. डबा रिकामा व्हता, बस म्हनलं तर बसंना. दारातच हुबा. एक पाय भाईर.”