अर्डिसबाईंच्या खिडक्या

मिनेसोटातल्या अर्डिस ट्वेटन या म्हाताऱ्या विधवेला राजकारणात काडीचा रस नव्हता, पण निवडणुकीची वाट मात्र ती चातकासारखी पाही. राज्याच्या सिनेटचे उमेदवार ऑक्टोबरात दारोदार हिंडू लागले, की बाई कॉफी चढवायची आणि शिडी भिंतीला टेकवून ठेवायची.

"तुमची मोठी अडचण कोणती?" असं उमेदवार विचारायचाच.

"थंडी," बाई उसासा टाकायची. "खिडक्यांना थंडीच्या जादा काचा लावायच्या राहिल्यात. मत कुणाला द्यायचं, तेही अजून ठरलं नाही बघा."

यंदा पुढच्या काचा एका पक्षाच्या उमेदवाराने लावल्या, मागच्या दुसऱ्या पक्षाच्या क्रेग नायस्ट्यूनने. काम उरकून भोपळ्याची वडी खाता खाता क्रेगने फोनवर मतदारसंघाचा नकाशा उघडला आणि घास त्याच्या तोंडातच राहिला.

"बाई, हद्द समोरच्या रस्त्यावरून जाते. तुमचं घर माझ्या मतदारसंघात नाहीच."

"नाहीच मुळी. मागे नकाशा बदलला तेव्हापासून नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"तू अडचण विचारलीस. पत्ता कुठे विचारलास?"

क्रेग चिडला. "मग तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवाराला चढवायचं होतं शिडीवर."

बाईने त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

"त्याच्याविरुद्ध कुणी उभंच राहत नाही रे. तो कशाला माझ्या दारात येतोय?"