बाण वरच आहे ना?

दक्षिण ध्रुवाकडे पडलेला बर्फ सहसा वितळत नाही. थरावर थर बसत जातो. आमच्या पुण्यातल्या ध्रुवीय संशोधकांच्या कंपूत किस्सेही तसेच साठलेत. कुठलाही थर उकरा, तळाशी मीच सापडतो.

*

अंटार्क्टिकावरून खूप दिवसांनी घरी फोन लागला, तोही जेमतेम दोन मिनिटं. बायकोने पेंग्विन दिसले का म्हणून विचारलं. मी विचारलं, "निघताना गॅस बंद केला होता ना मी?"

"अहो, दोन महिने मी त्यावरच स्वयंपाक करतेय."

*

वारज्याच्या आमच्या सोसायटीत माझं व्याख्यान झालं. तिकडचा बर्फ वितळला की समुद्र चढतो, वारे बदलतात, आपल्या पावसाचंही गणित बिघडू शकतं, असं सगळं सांगितलं. म्हणजे टँकर वाढणार का, असं चेअरमननी विचारलं. शक्यता आहे, पण खात्री देता येत नाही, असं मी म्हणालो.

"एवढं आम्हाला इथे बसूनही माहीत होतं," ते म्हणाले, आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

*

अंटार्क्टिकावर खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या दांड्यात हजारो वर्षांपूर्वीची हवा अडकलेली असते. तिच्यावरून तेव्हाचं हवामान कळतं. दांड्याच्या वरच्या टोकाकडे बाण काढायचा असतो. तो चुकला तर इतिहासच उलटा. बाण मी काढला, आणि बरोबर आहे का हे बघायला शीतकक्ष पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. शेवटी आमच्या गटप्रमुख विद्याताईंनी, म्हणजे माझ्याच एकेकाळच्या विद्यार्थिनीने, किल्ली काढून घेतली.

"सर, जग तापायच्या आधी हा तुमच्या काळजीनेच वितळेल."

*

एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि जनरेटरही सुरू होईना. तसा दुसरा दांडा आणायला आम्हाला कोणी पाठवणार नव्हतं. विद्याताईंनी ओळखीतून हडपसरच्या एका आइस्क्रीमवाल्याचं कोल्ड स्टोरेज मिळवलं. थर्माकोलची पेटी मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. प्रत्येक सिग्नलला विचारत होतो, बाण वरच आहे ना?

स्टोअरकीपरने दारातच अडवलं. "माल कधीचा?"

विद्याताई तोंड उघडणार तेवढ्यात मी खरं सांगून टाकलं. "अंदाजे पाच हजार वर्षांपूर्वीचा. शंभर-दोनशे इकडेतिकडे."

"काका, जुना माल आम्ही परत घेत नाही."

सरांचं मनावर घेऊ नका, म्हणून विद्याताईंनी विनवलं, तेव्हा कुठे पेटी आत गेली.

संध्याकाळी वीज आल्यावर ती परत आणली. दांडा शाबूत. बाण वरच. झाकणावर मात्र नवं स्टिकर होतं:

'जुना माल. आधी संपवा.'