सरांना नातीशी बोलायचं होतं

राधाकृष्ण सरांनी मला दहावीला इंग्रजीत नापास केलं. तरीबी माणूस म्हणून ते मला आवडतात, आता यावरून काय ते समजा. माझं औंढ्यात देवळाच्या वाटेवर बांगड्यांचं दुकान आहे अन् सर आमचे शेजारी, भिंतीला भिंत. त्यांच्या बायको, गंगूताई, वारल्या. एकुलता एक लेक स्वानंद, तो कॅनडात. तवापासून त्या घरातून माणसाचा आवाज म्हणून येत न्हाई, टीव्हीचा येतो.

रविवारी संध्याकाळी मात्र फोन येतो. जाई, त्यांची नात. तिची आई केरळची, त्यामुळं घरात सगळं इंग्रजीच चालतं अन् पोरीला मराठीचं अक्षर येत न्हाई. तुमी म्हणाल, त्यात काय, आजोबा तर इंग्रजीचे मास्तर, हातच्या काकणाला आरसा कशाला! थांबा जरा. सरांनी जन्मभर इंग्रजी शिकवली ती मराठीतून. शब्दाचा अर्थ फळ्यावर, प्रश्नाचं उत्तर वहीत, पाठ करा अन् पेपरात ओता. आमच्याकडं समदे असंच शिकवायचे, त्यांच्या एकट्याचा दोष न्हाई. अन् इंग्रजीत बोलायला औंढ्यात होतं तरी कोण?

सरांना ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. मला भिंतीपलीकडं समदं ऐकू येतं. सर म्हणायचे, "हाऊ आर यू?" जाई म्हणायची, "गुड." "डिड यू ईट?" "येस." मग दोघंबी गप. ही गप बसणी अशी लांबायची की माझाच जीव वरखाली व्हायचा. शेवटी "ओके, बाय" व्हायचं अन् लगेच टीव्ही लागायचा.

एप्रिलात एक दिवस सर माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

"शिला, मी लेकरांचं उन्हाळी शिबिर घेऊन राहिलो. इंग्रजी बोलायचं. फुकट."

"काहून?"

"समाजाचं ऋण असतं माणसावर."

"सर, ताकाला जाऊन भांडं लपवू नका."

त्यांनी खाली बघितलं. मग म्हणाले, "जाई बोलते ते मला सगळं कळतं गं. उत्तरही डोक्यात तयार असतं. तोंडातून निघत नाही, लाज वाटते. इंग्रजीचा मास्तर अन् चुकतो, असं पोरगी म्हणेल. लेकरांबरोबर बोलून बोलून जीभ मोकळी होईल म्हटलं. ती मोठी होऊन राहिली, शिला. अजून थोडे दिवस असंच चाललं तर ती फोनवर यायचीच नाही."

मी त्यांना चहा पाजला.

मग काय, माझं दुकान म्हणजे सरांचं ऑफिस झालं. गिऱ्हाईक बांगड्या भरून घ्यायला हात पुढं करायचं अन् हे मधीच विचारायचे, "शिला, दुकान-दुकान खेळवलं तर? एक पोरगं गिऱ्हाईक, एक दुकानदार, घासाघीस इंग्रजीत." मी म्हणलं, खेळवा, माझ्याकडल्या खपत न्हाईत त्या बांगड्या घेऊन जा. मग त्यांनी यात्रेकरूला रस्ता सांगायचा खेळ काढला. मग डॉक्टर अन् पेशंट. मग देवळाभोवती चिठ्ठ्या लपवायच्या अन् इंग्रजीत खुणा वाचून हुडकायच्या, तेबी दुपारी. "मे महिन्यात?" मी वरडले, "लेकरं काय पापड हाईत व्हय, उन्हात वाळत घालायला?" तवा कुठं समदं सकाळवर आणलं. बोलता बोलता त्यांचा चेहरा पोरासारखा व्हायचा. इतकं बोलताना मी त्यांना गंगूताई गेल्यापासून बघितलं नव्हतं.

शेवटच्या दिवसाचा बेत त्यांनी हळू आवाजात सांगितला. तो दिवस रविवारचा होता. "जाईचा व्हिडिओ कॉल लावायचा. प्रत्येक लेकरानं तिच्याशी दोन वाक्यं बोलायची. मग सगळ्यात शेवटी मी बोलीन. तोवर सराव झालेला असेल."

गावातली लेकरं मामाच्या गावाला गेली होती, इंग्रजी शाळेवाल्यांनी नाकं मुरडली. सरांनी स्कूटर काढली अन् बंजाऱ्यांच्या तांड्यावर गेले. तिथली माणसं नुकतीच ऊसतोडीहून परतलेली, लेकरं मोकळी. अनुसयाबाई म्हणून एक म्हातारी आहे तिथं, तिनं घरोघरी सांगितलं अन् सरांची ओसरी भरली. तिची स्वतःची नात पूजा तेवढी लग्नाला गेलेली, ती शिबिर संपता संपता आली.

सुरवातीला लई मजा आली. माझ्या दुकानापर्यंत "टू मच! टू मच!" असा घासाघिशीचा कालवा यायचा. सरबी चुकत-माकत बोलून राहिले होते. पण रविवार जवळ आला तसा माणूस घाबरला, अन् घाबरल्यावर मास्तर जे करतो तेच त्यांनी केलं. शाळेत साहेब तपासणीला यायचा असला की काय करतात, ठाऊक आहे ना? कोणी काय विचारायचं, कोणी काय उत्तर द्यायचं, समदं आधीच ठरवून ओळीनं पाठ. साहेब खूश होऊन जातो. सरांनी तसंच एकेका लेकराला वाक्य वाटून दिलं अन् घोटून घेतलं. खेळबीळ समदे बंद. पूजा उशिरा आलेली, तिच्या वाट्याला वाक्यच उरलं न्हाई.

रविवारी मी दुकान लेकीवर टाकून गेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून फोन धरून उभे. पडद्यावर जाई आली. पहिल्या दोन लेकरांनी नाव सांगितलं, बराबर झालं. मग जाईनंच विचारलं, तुम्ही सकाळी काय खाता? तिला काय माहीत तपासणी चालू आहे ते! पाळी पेमा नावाच्या पोराची होती. पेमानं हाताची घडी घातली अन् ठणकावून सांगितलं, "माय व्हिलेज इज नियर द टेंपल. थँक्यू!" जाई म्हणाली, "व्हॉट?" तर पुढचं पोरगं उठलं, "वुई हॅव वन काऊ. थँक्यू!" माय वं! सरांना दरदरून घाम. मी तोंडाला पदर लावला.

तेवढ्यात मागून पूजा घुसली. फोनपुढं तोंड आणून म्हणाली, "भाकर! चिली! यू?"

जाई खदाखदा हसली. त्या पोरीचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं, सरांनीबी. मग पूजानं हातातल्या बांगड्या दाखवल्या, तिनं तिकडं आपलं मांजर दाखवलं. पूजाला शब्द सापडला न्हाई की ती हातवारे करायची, तांड्याच्या गोरमाटी बोलीत बोलायची, अन् जाईला समदं कळायचं. फोन तापेस्तोवर दोघी बोलल्या. सर फोन धरून उभे होते, म्हणजे फोनच्या मागं. ते जाईला दिसतबी नव्हते. शेवटी ती "बाय पूजा!" म्हणाली अन् गेली. सरांची पाळी आलीच न्हाई.

"छान झालं नाही शिबिर?" सर मला म्हणाले. मी म्हणलं, व्हय, छान झालं.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "आजोबा, व्हेअर इज पूजा?" सरांनी स्कूटर काढली. मग दर रविवारचं तेच. फोन घेऊन तांड्यावर जायचं, अनुसयाबाईच्या अंगणात बाजेवर बसायचं, फोन पूजाच्या हातात द्यायचा. एकदा मी संगं गेले. अनुसयाबाई हसून म्हणाली, "मास्तर, फोन तुमचा, नात तुमची, अन् बोलते आमची पोरगी." वाटेत मी सरांना झापलं. म्हणलं, "तुमी काहून मूग गिळून बसता? घ्या की फोन हिसकावून!"

"राहू दे," सर म्हणाले. "आधी मिनिटात संपायचा फोन. आता अर्धा घंटा तिचा आवाज ऐकू येतो."

मला राग आला अन् रडूबी आलं. दोन्ही संगंच आलं.

दसरा झाला अन् ऊसतोडीची माणसं न्यायला मुकादमाचे ट्रक लागले. तांडा रिकामा झाला, म्हातारी माणसं तेवढी मागं राहिली. पूजा आईबापासंगं कारखान्यावर गेली. त्या रविवारी मी सरांकडं मेथीची भाजी घेऊन गेले, मुद्दामच गेले. फोन वाजला, शिबिरापासून जाई व्हिडिओ कॉलच लावायची. सरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं, "उचला."

जाईनं विचारलं, "व्हेअर इज पूजा?"

"पूजा गॉन," सर म्हणाले. "फार अवे. फादर, मदर, कटिंग शुगरकेन. सिक्स मंथ."

वाक्य चुकलं होतं, एवढं मलाबी कळलं. यात्रेकरूंनी मला तेवढी इंग्रजी शिकवली आहे. पण जाई हसली न्हाई. तिनं विचारलं, तिची शाळा? ती झोपते कुठं? तिला भीती न्हाई वाटत? अन् सर सांगत गेले. उसाच्या पाचटाची खोप, बैलगाडी, कोयता, पहाटेची थंडी. जिथं शब्द अडला तिथं पूजासारखे हातवारे केले. घाम पुसत होते अन् बोलत होते. मी भाजीचं पातेलं हातात धरून तशीच उभी. बोलले वं माझे सर, बोलले!

मग जाईनं विचारलं, "आर यू सॅड, आजोबा?"



"येस," सर म्हणाले. "आय ॲम अलोन. हाऊस इज एम्प्टी. यू कम. प्लीज कम."

हे त्यांनी मराठीत कधी कोणाला सांगितलं न्हाई. मला न्हाई, लेकाला तर न्हाईच. इंग्रजीत त्यांना ते जमलं.

तिकडून जाई म्हणाली, "बट पप्पा सेज यू लाइक टू बी अलोन."

सरांचे डोळे भरले. त्यांनी मान हलवली, न्हाई, न्हाई. जाई घाबरली असावी, तिनं "पप्पा!" म्हणून हाक मारली अन् स्वानंद फोनवर आला.

"बाबा, काय झालं? जाई म्हणते तुम्ही रडताय. तब्येत ठीक आहे ना? काही तकलीफ?"

सरांनी बाहीनं डोळे पुसले, ताठ बसले अन् मराठीत बोलले.

"छे रे. मजेत आहे मी. आम्ही दोघं इंग्रजीचा सराव करून राहिलो होतो."

स्वानंद मोठ्यानं हसला. "वा बाबा! ऐकलं मी मघाशी. एकदम छान बोलायला लागलात की!"

मी पातेलं ओट्यावर आपटून ठेवलं अन् घरी निघून आले.